मोगली एरंडाच्या फुलावर मुंगळे: परागीभवन करतात की नुसता रस पितात?

धुरेकरी (घाटंजी)

धुऱ्याला मोगली एरंडाचं कुंपण आहे, काही जण त्यालाच चंद्रज्योत म्हणतात. पावसाळा लागला की झुपक्याझुपक्यानं पिवळट हिरवी फुलं येतात आणि जवळजवळ दर झुपक्यात काळे मोठे मुंगळे फिरताना दिसतात. मधमाशी त्या मानानं कमी. फळं मात्र धरतात. मग ती मुंगळ्यांमुळं धरतात का? फूल मुंगीला बोलावतं कशानं, वासानं की रसानं? आणि पऱ्हाटीवर (कपाशीवर), एरंडीवर, तिळावर जे मुंगळे चढतात, त्यांचाही परागीभवनाशी संबंध आहे का?

नववी-दहावीच्या पोरांकडून प्रयोग करून घ्यायचा आहे. त्यामुळं "असं म्हणतात" नको, वावरात करून पाहता येईल असं सांगा.

काळीमाती (वर्धा)

दादा, मुंगी फुलात दिसणं आणि तिच्यामुळं फळ धरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाठ्यपुस्तकात परागवाहकांच्या यादीत मुंगीचं नाव सरसकट घातलेलं असतं, ते फार सैल विधान आहे.

कामकरी मुंगीला पंख नसतात, त्यामुळं ती बहुतेक वेळ एकाच झाडावर फिरते. ज्या झाडाला परकाच पराग लागतो, त्याला तिचा उपयोग नाही. मुंगीचं अंग मधमाशीसारखं केसाळ नसतं आणि ती सतत अंग साफ करत राहते, म्हणून पराग टिकत नाही. तिसरं कारण जास्त महत्त्वाचं. बऱ्याच मुंग्यांच्या छातीच्या मागच्या भागात एक ग्रंथी असते, तिच्यातून बुरशी आणि जिवाणू मारणारा स्राव सुटतो. जमिनीखाली ओलाव्यात राहायचं तर तो हवाच. पण तोच स्राव परागकणांनाही मारतो. बीटी नावाच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली हे प्रयोगानं दाखवलं: मुंगीच्या अंगावर थोडा वेळ राहिलेले पराग नंतर नीट रुजत नाहीत.

आता तुमच्या कामाची गोष्ट. आपल्याकडचा काळा मोठा मुंगळा, म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, ज्या प्रजातीतला (कॅम्पोनोटस) आहे तिच्यात ही ग्रंथी बहुतेक नसते. पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्यांनाही ती नसते. म्हणून मुंगळ्याला आधीच नापास करून चालणार नाही. चावऱ्या लाल मुंगीला आणि पोट वर उचलून चालणाऱ्या काळ्या मुंगीला मात्र ही ग्रंथी असते. प्रयोगाच्या वहीत नुसतं "मुंगी" लिहू नका, कोणती मुंगी तेही लिहा.

फूल बोलावतं कसं, यावर हिकमन यांचा १९७४ चा अभ्यास पायाभूत आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या डोंगरात पॉलिगोनम जातीची एक बारीक एकवर्षायू वनस्पती मुंग्यांच्या भरवशावर बी धरते. त्यावरून त्यांनी मुंगीजोग्या फुलाची लक्षणं मांडली. जागा उष्ण आणि कोरडी. झाड बुटकं, मुंगीच्या वाटेवरचं. फुलं लहान, खोडाला चिकटून, देठाविना. एका झाडावर एकावेळी मोजकीच उमललेली, पण झाडं दाट, म्हणजे पुरेसा रस मिळवायला मुंगीला या झाडावरून त्या झाडावर जावंच लागतं. रस इतका थोडा की मधमाशीला तिथं थांबणं परवडत नाही. पराग मोजके, म्हणजे मुंगीला सारखं अंग झाडावं लागत नाही. थोडक्यात, असं फूल मुंगीसाठी खास काही करत नाही, फक्त उडत्या किड्यांना परवडणार नाही इतकं स्वस्त राहतं.

वासानं बोलावण्याचं पक्कं उदाहरण स्पेनमधलं. सायटिनस नावाची परोपजीवी वनस्पती, फुलं जमिनीलगत. तिच्या फुलांच्या वासातली द्रव्यं वेगळी काढून ठेवली तरी मुंग्या तिकडं वळतात.

भाऊ पांदणवाले (दारव्हा)

मुंगळे दिसले का पयले मावा पाहाचा. पानाच्या खालच्या बाजूनं पहा, शेंड्यावर पहा. शंभरातल्या नव्वद झाडावर मुंगळा फुलासाठी येतच नाही, माव्याच्या नाहीतर पिठ्या ढेकणाच्या गोड चिकट्यासाठी येते. फुलात गेला तं जाता जाता. परागीभवनाचं मंग पाहू.

रानवेली (अमरावती)

भाऊ, पऱ्हाटीच्या बाबतीत तुमचं खरं, मोगली एरंडाच्या बाबतीत पूर्ण नाही. तिथं फुलातच उघडा रस आहे.

मोगली एरंडाच्या एकाच झुपक्यात नर आणि मादी फुलं वेगवेगळी असतात. नर पुष्कळ, मादी थोडी. साधारण पंचवीस-तीस नरांमागे एक मादी, पण झाडाझाडात आणि हंगामात फार फरक पडतो. मादी कळी फांदीच्या मधोमध असते आणि नर कळीपेक्षा जाड दिसते. उमलल्यावर आत हिरवा अंडाशय आणि वर दुभंगलेली तीन टोकं दिसतात. नर फुलात पिवळे परागकोश. दोन्हींच्या तळाशी पाच बारीक रसग्रंथी असतात. फूल उथळ, नळी आखूड, म्हणून मुंगळ्याचं तोंड रसापर्यंत सहज पोचतं. मुंगळा रसासाठी खाली वाकला की त्याची छाती आणि डोकं परागकोशाला घासतं.

या झाडाला स्वतःच्याच दुसऱ्या फुलाचा पराग चालतो, म्हणून एकाच झुपक्यात फिरणारा मुंगळासुद्धा काम करू शकतो. आंध्रातल्या संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही मधमाश्या, माश्या आणि मुंग्या अशी वाटणी दिसते. त्यात मुंग्यांचा वाटा एकाच झाडातल्या फुलाफुलांत पराग नेण्याचा.

तेव्हा धुरेकरी दादांच्या प्रश्नाला "शक्य आहे" असं उत्तर देता येतं. पण "फळं मुंगळ्यांमुळंच धरतात" हे बांधून, झाकून मोजल्याशिवाय म्हणता येणार नाही.

सरकी (कळंब)

पऱ्हाटी, एरंडी आणि तिळाचं मी सांगते.

पऱ्हाटीचं पान उलटं करा. मधल्या शिरेवर, देठाकडून साधारण एक तृतीयांश अंतरावर लांबट खळगा दिसेल, कधी बाजूच्या शिरांवरही. ती रसग्रंथी आहे. पातीभोवतीच्या (फुलाच्या कळीभोवतीच्या) तीन पानांच्या बुडाशी बाहेरून आणि आतूनही ग्रंथी असतात. मुंगळे फिरतात ते या ग्रंथींवर. फुलाच्या आतला रस पाकळ्यांच्या तळाशी वेगळा असतो, तिकडं मधमाश्या जातात. कपाशीचा पराग मोठा, काटेरी, चिकट. फूल सकाळी उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं. तेवढ्या वेळात बहुतांश परागीभवन स्वतःच्याच परागानं होऊन जातं, थोडंफार परपरागीभवन मधमाश्या करतात. "मुंगळे असले की बोंडं जास्त" यात तथ्य असलं तर एवढंच की मुंगळे अळीची अंडी आणि लहान अळ्या उचलतात. पण झाडावर मावा किंवा पिठ्या ढेकूण असेल तर तेच मुंगळे त्यांची राखण करतात आणि मित्रकिडींना जवळ येऊ देत नाहीत. २००६-०७ च्या सुमारास पिठ्या ढेकूण देशभर कपाशीत पसरला, तेव्हा तो आटोक्यात यायला एनाशियस नावाच्या बारीक गांधीलमाशीची मोठी मदत झाली. झाडावर मुंगळे गच्च असले की अशा परजीवी माशीला अंडी घालायला जागाच मिळत नाही.

एरंडीत परागीभवन मुख्यतः वाऱ्यानं होतं. तुऱ्यात वर मादी, खाली नर. मादी फुलाची लाल टोकं वाऱ्यातला पराग धरण्यासाठी, आणि फुलात रस नसतो. मुंग्या दिसतात त्या देठ आणि पान जिथं जुळतात तिथल्या दोन गाठींवर. त्यातही रस असतो. एरंडीशी मुंग्यांचा दुसरा संबंध बियांचा आहे. बीच्या टोकावरच्या मऊ पांढुरक्या गाठीसाठी मुंग्या बी ओढून नेतात, गाठ खातात आणि बी टाकून देतात.

तिळात फुलाच्या देठाच्या बुडाशी पिवळी बारीक गाठ दिसते. ती वाढ खुंटलेल्या कळीची झालेली रसग्रंथी. बरबटीच्या (चवळीच्या) दांड्यावर फुलांच्या जोडीमध्ये अशाच गाठी. तरोट्याच्या (टाकळ्याच्या) खालच्या पत्रिकांमध्ये उभी ग्रंथी, बाभळीच्या पानदेठावरही.

म्हणजे ही सगळी झाडं मुंगीला फुलाबाहेरच खायला देतात. पाहुण्याला ओसरीवरच चहा पाजून वाटेला लावावं तसं. एक मत असं की यामुळं मुंग्या फुलापासून दूर राहतात, दुसरं असं की हा रस राखणदारीचा मोबदला आहे. दोन्ही गोष्टी एकाच झाडात असू शकतात, भांडण कशाला.

ग्रंथीतून रस खरंच येतो का हे पोरांना दाखवायचं असेल तर संध्याकाळी पानावर मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधा, म्हणजे मुंग्या रस संपवणार नाहीत. पहाटे ग्रंथीवर मेडिकलमधली लघवीतली साखर तपासायची पट्टी टेकवा. ग्लुकोज असेल तर रंग बदलतो. ही पट्टी फक्त ग्लुकोज ओळखते, उसाची साखर नाही. त्यामुळं रंग बदलला नाही म्हणजे रस नाही, असा अर्थ काढू नका. दवाचं पाणी आधी टिपून घ्या, नाहीतर रस पातळ होतो.

धुरेकरी

ताई, फार कामाचं. आता मोगली एरंडावर नेमका प्रयोग कसा बांधायचा? मच्छरदाणीच्या पिशव्या शिवून घेता येतील.

काळीमाती

एका झाडावर पाच झुपके निवडा, सगळे कळीच्या अवस्थेतले, एकही फूल उमललेलं नको. अशी निदान १० झाडं घ्या. सगळे "बंद" झुपके एका झाडावर आणि सगळे "मोकळे" दुसऱ्यावर असं केलंत तर झाडाझाडातला फरक मुंगीच्या नावावर जमा होईल. प्रत्येक झुपक्याच्या देठाला वेगळ्या रंगाची लोकर बांधा.

पहिला झुपका मोकळा. दुसरा पूर्ण बंद: पिशवी आणि देठाला चिकट पट्टा. तिसऱ्यावर फक्त उडते किडे: पिशवी नाही, पण देठाला चिकट पट्टा, म्हणजे मुंगी चढणार नाही. चौथ्यावर फक्त मुंग्या: पिशवी बांधा, पण देठालगत सरबताच्या नळीचा ८ ते १० सेंटिमीटरचा तुकडा आत-बाहेर राहील असा ठेवून त्यावरून दोरी आवळा. मुंगळा नळीतून आत जातो, मधमाशी सहसा जात नाही. नळीचं बाहेरचं टोक खाली झुकलेलं आणि देठाला टेकलेलं हवं, नाहीतर पाणी भरतं आणि मुंगळ्याला वाट सापडत नाही. पाचवा झुपका पूर्ण बंद, शिवाय आतली सगळी नर फुलं कळीतच खुडलेली. हा गट गाळू नका. मोगली एरंडात परागाविनाही काही फळं धरल्याच्या नोंदी आहेत. ती किती, हे याच गटातून कळतं.

पिशवी साधारण ३० बाय ४० सेंटिमीटरची, आत तारेचं कडं, म्हणजे कापड फुलाला टेकणार नाही. कापड टेकलं तर बाहेर बसलेला मुंगळासुद्धा आत पराग लावू शकतो.

मादी फुलं उमलायला लागल्यापासून रोज सकाळी मोजा. शेवटचं मादी फूल कोमेजल्यावर १० ते १२ दिवसांनी फुगलेले अंडाशय मोजा, महिन्याभरानं पुन्हा. पहिल्या मोजणीनंतर काही फळं गळतात, ती परागीभवनाअभावी गळतात की झाडाला झेपत नाहीत म्हणून, हे ठरवता येत नाही. निष्कर्षासाठी पहिली मोजणीच धरा.

भाऊ पांदणवाले

चिकट पट्ट्याचं नीट सांगतो, इथंच सारे फसतात.

ग्रीस थेट सालीवर लावाचं नाही, कोवळा देठ काळा पडते. आधी खाकी टेपचा दोन बोटं रुंद वेढा, त्यावर ग्रीसचा पातळ थर. देठ खडबडीत असला तं टेपखाली फट राहते आन् बारीक मुंग्या तिथून जातात, म्हणून टेपखाली आधी कापसाची वात गुंडाळाची. उन्हाळ्यात ग्रीस पातळ होऊन खाली ओघळते, पावसाळ्यात त्यावर धूळ-पानं चिकटून मुंग्याईले पूल तयार होते. दर दोन-तीन दिवसांनी पाहाचं. कीड सापळ्यावर लावाचा गम कृषी केंद्रात भेटते, तो ग्रीसपेक्षा बरा.

दुसरं, शेजारची फांदी, गवत, वेल, काहीही त्या झुपक्याले टेकलं नाही पाहिजे. मुंगळा वरून येते. बांधाच्या आधी झुपक्याभवती इळ्यानं मोकळं करून घ्याचं.

तिसरं, मच्छरदाणीतून मधमाशी जात नाही, मोठा मुंगळा जात नाही, पण साखरेच्या डब्यात येते ती बारीक मुंगी आरामात जाते. म्हणून बंद पिशवीलेही पट्टा पाहिजेच.

रानवेली

आणि फुलकिडे. मच्छरदाणीच्या जाळीतून तेही जातात आणि थोडाफार पराग हलवतात. "बंद" गटातही काही फळं धरली तर गोंधळू नका. बाकी सगळे गट त्याच्याशी ताडून पाहायचे, इतकंच.

निकाल वाचायची पद्धत: "फक्त मुंग्या" गटात "बंद" गटापेक्षा स्पष्ट जास्त फळं धरली तर मुंग्या परागीभवन करू शकतात. "फक्त उडते" आणि "मोकळा" सारखेच आले तर मुंग्या नसल्या तरी झाडाचं अडत नाही. "फक्त उडते" गट "मोकळ्या"पेक्षा वरचढ निघाला तर मुंग्या उलट अडथळा करतात. तिसरी शक्यता पोरांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर आकडे उलटे आले की ती पुसून टाकतात.

झुपक्यात मादी फुलं थोडीच असल्यानं १० झुपक्यांतूनही गटाला मोजकीच मादी फुलं मिळतील. टक्केवारी लिहिताना खाली एकूण मादी फुलांचा आकडा लिहा. ८ पैकी ६ आणि ८० पैकी ६० यांना सारखं वजन देऊ नये.

नियामक

मोगली एरंडाच्या बिया विषारी आहेत. चव बदामासारखी लागते म्हणून लहान मुलं खातात आणि उलट्या-जुलाब होतात. फांदी, पान तोडल्यावर येणारा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. कळ्या खुडण्याचं काम हातमोजे घालून, आणि प्रयोग संपल्यावर फळं मोजून शिक्षकांनी स्वतःच्या ताब्यात ठेवावीत.

धुरेकरी

मुंगळ्याच्या अंगावर पराग असतो का आणि तो जिवंत असतो का, हे साध्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल का?

काळीमाती

दिसेल. मुंगळे सकाळी, फुलातून बाहेर पडताना पकडा, चिमट्यानं नाही तर ओल्या मऊ ब्रशनं. एका बाटलीत एकच मुंगळा. एका बाटलीत दहा भरले तर ते एकमेकांना चाटून साफ करतात आणि मोजणी फसते. बाटलीत १ मिली सत्तर टक्के अल्कोहोल टाकून हलवा, मुंगळा काढा, उरलेल्या द्रवाचा थेंब काचपट्टीवर. तुलनेसाठी त्याच झाडाच्या नर फुलातला पराग दुसऱ्या काचपट्टीवर ठेवा, म्हणजे गवताचा उडून आलेला पराग मोगली एरंडाचा समजला जाणार नाही.

जिवंतपणाची परीक्षा थोडी किचकट. पाणी पावसाचं किंवा आरओचं. १०० मिली द्रावणात १० ग्रॅम साखर आणि १० मिलिग्रॅम बोरिक ॲसिड हवं. १० मिलिग्रॅम शाळेच्या तराजूवर मोजता येत नाही, म्हणून १ लिटर पाण्यात १ ग्रॅम विरघळवा. त्यातलं १० मिली घ्या, साखर घाला आणि पाण्यानं १०० मिली करा. कॅल्शियम नायट्रेट असेल तर १०० मिलीला ३० मिलिग्रॅम. नळी लांब वाढायला त्याची मदत होते. बोअरचं पाणी वापरू नका, आपल्याकडच्या क्षारांनी पराग फुटतो.

ताजा पराग मुंगळ्याच्या छातीवर लावून अर्धा तास ठेवा, तेवढाच पराग तेवढाच वेळ कोरड्या काचेवर. मग दोन्ही वेगवेगळ्या थेंबांत टाकून झाकणाच्या डब्यात ओल्या कापसावर ठेवा. दोन-तीन तासांनी पाहा. नळीची लांबी परागकणाच्या रुंदीपेक्षा जास्त असेल तरच "रुजला" म्हणा. काचेवरचाच पराग रुजला नाही तर दोष द्रावणाचा किंवा शिळ्या परागाचा आहे, मुंगळ्यावर ढकलू नका. हाच प्रयोग चावऱ्या लाल मुंगीवर केला तर बीटींचा मुद्दा पोरांना स्वतः तपासता येईल. कंबरमोडीच्या किंवा गवताच्या परागावर मात्र करू नका, ते पराग अशा द्रावणात सहजासहजी रुजतच नाहीत.

मुंगीचा स्राव पराग मारतो, या नियमाला अपवादही निघाले आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कोनोस्पर्मम नावाच्या झुडपाचा पराग तिथल्या मुंग्यांचा स्राव सहन करतो, हे २०२० साली दाखवलं गेलं. आणि ऑस्ट्रेलियातल्याच लेपोरेला या ऑर्किडनं तर कामकरी मुंग्यांचा नादच सोडला. ते पंख असलेल्या नर मुंगीला मादीच्या भासानं बोलावतं.

संत्रावाला (वरुड)

विषय थोडा बाजूला नेतो. संत्र्यावर आंबिया बहाराच्या वेळी मुंगळे चढतात. परागीभवनासाठी राहू द्यायचे का काढायचे?

सरकी

संत्र्याच्या फुलाला मुंगळ्यांची गरज नाही. आधी पानांवर कोळशी, म्हणजे चिकट्यावर वाढणारी काळी बुरशी, आहे का पाहा. काळ्या माशीची पिल्लं आणि सायला नावाची कीड चिकटा सोडतात, त्यासाठी मुंग्या येतात आणि त्यांच्या परजीवी किडींना हाकलतात. फांद्या जमिनीला टेकत असतील तर छाटा, बुंध्याभोवतीचं गवत काढा, जमिनीपासून दोन फुटांवर टेप आणि त्यावर चिकट पट्टा लावा.

तरीही कमी होत नसतील तर आमिष. १ लिटर कोमट पाण्यात २५० ग्रॅम साखर आणि १० ग्रॅम बोरिक ॲसिड. कॅरमची पावडर चालते, पण पुडीवर बोरिक लिहिलेलं पाहून घ्या, काही नुसत्या स्टार्चच्या असतात. प्रमाण वाढवू नका. जास्त झालं तर मुंगी तोंड लावत नाही किंवा वाटेतच मरते, वारुळात पोचवत नाही. झाकणाच्या डब्यात कापूस भिजवून ठेवा, डब्याला दाभणानं बारीक भोकं पाडा म्हणजे मधमाशी आत जाणार नाही. तीन-चार दिवसांत ते आंबतं, बदलत राहा. बहार फुललेला असताना मुंग्यांसाठी म्हणून फवारा मारू नका, मधमाश्या आधी जातात.

कुरखेडा

इकडं आंब्यावर पानं शिवून राहणाऱ्या लाल मुंग्या असतात. मोहोरात त्या फिरतात, त्याचं काय? (चटणीसाठी त्यांचं घर उतरवणारे उतरवतात, ते सोडा.)

रानवेली

आंब्याचं परागीभवन मुख्यतः माश्यांवर चालतं, घरमाशीसारख्या आणि फुलमाश्या. लाल मुंग्या मोहोरावर दाट असतील तर माशी टेकत नाही. पण त्या फळमाशी आणि इतर किडींनाही पळवतात. चीनमध्ये लिंबूवर्गीय बागांत त्या मुद्दाम पाळण्याची पद्धत फार जुनी आहे. मोहोर फुललेल्या काळात त्यांचं घर असलेल्या फांदीचा संपर्क मोहोरापासून तोडायचा आणि फळ वाटाण्याएवढं झालं की पुन्हा जोडायचा, हा मधला मार्ग. सगळी घरं जाळू नका.

दक्षिणपूर्व आशियात मेलास्टोमा नावाच्या झुडपावर उलटाही निकाल आला आहे: लाल मुंग्यांनी लहान, निकामी माश्या पळवल्या आणि मोठ्या भुंग्यांना जागा मोकळी झाली. आंब्याला तो नियम लावता येत नाही, तिथं लहान माशीच कामाची आहे.

कोहळ्याच्या (लाल भोपळ्याच्या) वेलीबद्दल कुणी विचारेल म्हणून आताच सांगते. पिवळ्या लांबपायी मुंगीनं भोपळ्याच्या फुलातलं परागीभवन बिघडवल्याचा अभ्यास दक्षिण भारतात झाला आहे. मादी फुलात मुंग्या गच्च दिसल्या तर सकाळी सहा ते नऊच्या आत नर फूल तोडून, पाकळ्या काढून, त्याचा पराग मादी फुलाच्या तिन्ही टोकांवर हातानं फिरवा. उशीर केला की टोकं सुकतात.

धुरेकरी

वासाचा प्रयोग राहिला. मोगली एरंडाच्या फुलाचा वास मुंगळ्याला ओढतो का हे तपासायचं तर?

काळीमाती

दोन कागदी कप, तोंडाला जाळी. एकात ताज्या फुलांचा झुपका, दुसऱ्यात तेवढीच पानं. दोन्हींचे कापलेले देठ ओल्या कापसात गुंडाळा, नाहीतर मुंगळा फुलाच्या नाही तर चिकाच्या वासाला प्रतिसाद देईल. मुंगळ्यांच्या वाटेपासून दोन्ही कप सारख्या अंतरावर, २० सेंटिमीटरवर, पांढऱ्या कागदावर ठेवा. १० मिनिटांत कोणत्या कपावर किती चढले ते मोजा. मग कप आलटून ठेवा, कारण ऊन-सावली आणि बाजू यांनीही फरक पडतो. दर खेपेला खालचा कागद नवा घ्या. एक मुंगळा गेला की त्याच्या वाटेचा वास कागदावर राहतो आणि पुढचे सगळे तोच धरून जातात, तुमच्या फुलाचा त्यात काही संबंध उरत नाही.

सकाळी आठ ते दहा वेळ बरी. दुपारी कागद तापला की मुंगळे सावलीकडं पळतात.

भाऊ पांदणवाले

आन् त्या झाडावर मावा नाही ना, हे आधी पाहून घ्या. मावा असला तं मुंगळ्याचं पोट आधीच भरलं असते, फुलाच्या कपाकडं तो पाहतही नाही. माव्याचे शेंडे खुडून टाका आन् दुसऱ्या दिवशी प्रयोग लावा.